लाईन क्लिअर नंबर सत्तेचाळीस

बोर्डाच्या तीन कंपन्या होऊन वीस वर्षं झाली, पण आश्रुबा मिसाळांना ते अजून मान्य नाही. वीज तयार करणारी एक, वाहून नेणारी दुसरी आणि घरोघर वाटणारी तिसरी, अशी वाटणी झाली हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. ती झाली तेव्हा ते नोकरीतच होते आणि एका सकाळी त्यांच्या ओळखपत्रावरचं नावच बदललं होतं. पण भाऊ वेगळे निघाले म्हणून आडनाव बदलतं का, असा त्यांचा सवाल असतो. टाकळवाडीत तरी कुणी कंपनी म्हणत नाही. लाईट गेली की बायका अंगणात येऊन बोर्डाच्याच नावानं बोटं मोडतात, आणि आश्रुबांना ते ऐकून बरं वाटतं. शिव्या का होईना, जुन्या नावानं देतात.

आश्रुबांचं वय चौऱ्याहत्तर. बहात्तरच्या दुष्काळात खांबांचे खड्डे खोदायला मजूर म्हणून लागले, हळूहळू वायरमन झाले आणि सदतीस वर्षांनी निवृत्त होऊन घरी बसले. टाकळवाडीच्या सबस्टेशनवरून लिंबागणेशच्या बाजूला जी अकरा किलोमीटरची लाईन जाते, तो लिंबागणेश फिडर, ती त्यांची. कोणता खांब कुठं कलला आहे, कोणत्या खांबावर गांधीलमाशीचं पोळं होतं आणि कोणत्या खांबाखालचं कुत्रं चावरं होतं, हे ते अजून न अडखळता सांगतात. कुणी विचारलं नाही तरी सांगतात.

त्यांचा एक अभिमान मात्र सगळ्या गावाला पाठ आहे. पारावर बसले की तो निघतोच. "सदतीस वर्षांत आपली एकबी लाईन क्लिअर बाकी न्हाई."

हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. वायरमनला खांबावर चढायचं तर आधी सबस्टेशनवरच्या ऑपरेटरकडून ती लाईन बंद करून घ्यावी लागते. रजिस्टरात नंबर पडतो, वेळ लिहिली जाते, सही होते. याला लाईन क्लिअर घेणं म्हणतात. काम झालं की ज्यानं घेतली त्यानंच, स्वतःच्या तोंडानं, ती परत करायची. साहेब म्हणाला, आमदार म्हणाला, सख्खा बाप म्हणाला, तरी दुसऱ्याच्या सांगण्यावर ऑपरेटरनं लाईन सोडायची नाही. आणि दुसऱ्यांची तोंडं काही कमी नव्हती. उसाला पाणी चालू असताना मोटर बंद पडली की माणसं सायकल हाणत सबस्टेशनला यायची आणि साळसूद चेहरा करून सांगायची, "वायरमन म्हणला, झालं काम, सोडा लाईन." वायरमन बिचारा तेव्हा तारेला हात घालून वर बसलेला. म्हणून हा नियम. मधे तिसऱ्याचं तोंड आलं की माणूस जातो, हे आश्रुबा नव्या पोरांना आधी शिकवत आणि पकड कशी धरायची ते नंतर.

"लाईनी सगळ्या परत केल्या," त्यांची बायको केसरबाई अशा वेळी आतून म्हणत, "पण शेजारच्या शहादेवभाऊची शिडी सहा वर्षं झाली आपल्याच दारात हाय, ती कवा परत करता?"

यंदा सबस्टेशनला पन्नास वर्षं झाली. तिथल्या साहेबांनी एक पुस्तिका काढायचं ठरवलं आणि काम टाकलं सायलीवर. सायली राऊत ही सव्वीस वर्षांची ऑपरेटर, बीडहून स्कुटीवर ये-जा करते. मुलगी हुशार, शिवाय म्हाताऱ्या माणसाचं बोलणं न कंटाळता ऐकणारी. त्यामुळे आश्रुबांची चंगळ झाली. चार रविवार त्यांनी तिला अंगणात बसवून बोर्डाचा सगळा इतिहास ऐकवला. निजामाच्या राज्यात वीज म्हणजे शहरातल्या बड्या लोकांची चैन होती, खेड्यात कंदिलाचं तेलसुद्धा जपून वापरत. मग बोर्ड आलं. परळीला कोळशावर वीज होऊ लागली. लिंबागणेशच्या लाईनीचे खांब बैलगाड्यांवर लादून आले, आणि ओढ्यात एक गाडी अडकली तेव्हा खांबाला नारळ फोडल्याशिवाय बैल उठले नाहीत, असं ते सांगत. नारळ कुणी खाल्ला तेही सांगत. गावात पहिला बल्ब लागला तो वत्सलाबाई नावाच्या एका म्हातारीच्या घरी. त्यांनी आठ दिवस तो बंदच करू दिला नाही. देवापुढचा दिवा आपण आपल्या हातानं विझवतो का, मग हा कसा विझवायचा? शेवटी आश्रुबांनी बटणाला नमस्कार करून दाखवला आणि मग दाबलं, तेव्हा कुठं त्या राजी झाल्या.

सायलीनं हे सगळं लिहून घेतलं. एका पानावर तिनं ठळक अक्षरात लिहिलं, 'श्री. आश्रुबा मिसाळ यांची सदतीस वर्षांच्या सेवेत एकही लाईन क्लिअर बाकी राहिली नाही.' आश्रुबांनी ते वाक्य तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा केसरबाईंना बाहेर बोलावलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी सायलीचा फोन आला. "आबा, सबस्टेशनला येता का? एक गोष्ट दाखवायचीय."

रानात ज्वारी पोटरीत आली होती, ऊन कोवळं होतं, आणि आश्रुबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून निघाले. त्यांना वाटलं, फोटो काढायचा असेल.

सायलीनं जुन्या खोलीतली रजिस्टरं उन्हात मांडली होती. त्यातलं एक उघडून तिनं त्यांच्यापुढं केलं. पान पिवळं पडलं होतं, शाई मात्र शाबूत होती. लाईन क्लिअर नंबर सत्तेचाळीस. लिंबागणेश फिडर. घेणाऱ्याचं नाव आश्रुबा मिसाळ. वेळ सकाळी दहा वीस. खाली त्यांची सही, तरुणपणीची, लांब शेपटीची. आणि 'परत दिली' या रकान्यात काहीच नव्हतं.

आश्रुबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. रकाना मोकळाच राहिला. मग त्यांची नजर तारखेवर गेली. एकवीस नोव्हेंबर एकोणीसशे पंच्याऐंशी.

"ही तारीख तर आमच्या बबिताची हाय," ते म्हणाले.

बबिता म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, गावात पिठाची गिरणी चालवते. तिच्या जन्माचा दिवस आश्रुबांना स्वच्छ आठवत होता. ते खांबावर होते. एक माणूस सायकलवर ओरडत आला की केसरबाईंच्या कळा सुरू झाल्या, अडलंय, जीपमधून बीडच्या दवाखान्यात नेलंय. आश्रुबा सरसर खाली उतरले, तारांवर टाकलेली अर्थिंगची साखळी काढली, हत्यारं पिशवीत कोंबली. झाडाखाली बसलेल्या एका शेतकऱ्याला म्हणाले, "सबस्टेशनला सांगा, काम झालं म्हणून," आणि रस्त्याकडं पळाले. पहिला ट्रक दिसला त्यात चढले. त्यापुढं त्यांना आठवत होती ती मुलगी, पेढे आणि आनंद. चार दिवसांनी कामावर आले तेव्हा लाईन नेहमीसारखी चालू होती. परत कुणी केली, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तेव्हा आला नाही आणि पुढं चाळीस वर्षांतही आला नाही.

म्हणजे ज्या तिसऱ्या तोंडाला त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली, तेच तोंड त्या दिवशी त्यांनी स्वतः वापरलं होतं. आश्रुबांचे कान तापले. पारावरचं इतक्या वर्षांचं बोलणं एकदम अंगावर आलं.

सायलीला त्यांचा चेहरा पाहवेना. "आबा, एवढं काय त्यात? पुस्तिका सोमवारी छापायला जायचीय. तुम्ही इथं सही करून टाका. कोण बघतंय?" तिनं पेन पुढं केलं.

आणि खोटं कशाला सांगायचं, आश्रुबांनी पेन घेतलं. टोपणही काढलं. रकान्यावर वाकले तेव्हा त्यांना दिसलं की कोपऱ्यात शिसपेन्सिलीची एक बारीक फुली आहे. इथं सही करा, असं सांगायला करतात तशी. कुणीतरी ती जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. पानाला मागून कार्बनखालून उमटलेला एक पातळ कागद टाचलेला होता. सायलीनं तो वाचला.

"'लिंबागणेश फिडर सकाळी दहा वीसपासून रात्री आठ दहापर्यंत बंद राहिला. लाईन क्लिअर परत आल्याची खात्री मला वेळेत करता आली नाही. उशिरास मी जबाबदार आहे. वायरमनचा दोष नाही. शेख मुनव्वर, ऑपरेटर.'"

आश्रुबांनी पेनाला टोपण लावलं.

मुनव्वर. हे नाव त्यांच्या घरात कैक वर्षांत कुणी काढलं नव्हतं. एके काळी दोघं एका डब्यात जेवत. मुनव्वर आत स्विचपाशी, आश्रुबा बाहेर तारेवर, आणि लाईन परत करताना दोघांचे ठरलेले सवाल-जवाब असत. मुनव्वर विचारायचा, "माणूस?" आश्रुबा म्हणायचे, "खाली." "साखळी?" "काढली." "हत्यार?" "पिशवीत." मगच स्विचचं हँडल पडायचं. साहेबांच्या नियमात हे नव्हतं, हे दोघांचं होतं. आणि हाच मुनव्वर बबिता पंधरा दिवसांची असताना आष्टीच्या बाजूला बदली होऊन गेला, तो एका शब्दानं न सांगता. आश्रुबा डबा घेऊन सबस्टेशनला गेले तर खुर्चीवर दुसराच माणूस. आश्रुबांनी तो डंख मनात धरला. पुढं मुनव्वर परळीला गेला, निवृत्त होऊन बीडात राहायला आला, सगळं कानावर येत होतं. एकदा एका लग्नात दोघं समोरासमोर आले तेव्हा आश्रुबांनी चप्पल शोधण्याचं निमित्त करून तोंड फिरवलं होतं. चप्पल पायातच होती.

"सायली," ते उठत म्हणाले, "ही सही इथं व्हायची न्हाई. ज्यानं दिली, त्यालाच परत करावी लागती. त्यो हाय का बघ."

दुपारी जेवणावर त्यांचं लक्ष नव्हतं. केसरबाईंनी दोनदा भाकरी वाढली ती दोन्ही वेळा तशीच राहिली, तेव्हा त्यांनी परात बाजूला सारली आणि म्हणाल्या, "काय झालं ते सांगा. उगं भाकरीकडं बघू नका, ती काय बोलत न्हाई."

आश्रुबांनी सांगितलं. बबिताही गिरणी बंद करून जेवायला आलेली होती, पिठानं पांढरी. ती ऐकून हसायला लागली. "म्हंजे मी जन्माला आले अन् बारा गावं अंधारात घातले?"

"हसू नको. दहा तास फिडर बंद व्हता," आश्रुबा म्हणाले. "पण मला एक कळंना. रात्री आठ दहाला तेनं लाईन कुणाच्या म्हणण्यावर सोडली? मी तर दवाखान्यात व्हतो. मी परत केलीच न्हाई. अन् मुनव्वर म्हंजे दुसऱ्याचं ऐकणारा माणूस न्हाई."

केसरबाई म्हणाल्या, "तुमी केली परत. माझ्या कानानं ऐकलंय मी."

"काय बोलायलीस?"

"आवो, मुनव्वरभाई आलते न्हवं का त्या दिवशी दवाखान्यात. मोसंबीची पिशवी घेऊन. माझा सख्खा भाऊ दुसऱ्या दिवशी आला, हे आधी आले, असं तुमीच लोकायला सांगत फिरला." त्यांनी बोटानं दार दाखवलं, जणू मुनव्वर तिथंच उभा होता. "दारातनं आत आल्या आल्या तेंनी लेकराकडं बघितलं न्हाई, माझ्याकडं बघितलं न्हाई. तुमाला इचारलं, 'आश्रुबा, खांबावरून उतरला का रे?' तुमी हसला. म्हणला, 'उतरल्याबिगर इथं आलो का बे?' मग ते मटकन खाली बसले अन् म्हणले, 'बास. एवढंच ऐकायचं होतं.' अन् मोसंबी ठेवून लगेच फोन कुठं हाय म्हणून बाहेर गेले. मला तवाच वाटलं, हा काय सवाल झाला? बाळंतिणीच्या खोलीत खांब कावून?"

चाळीस वर्षं आश्रुबा धरून चालले होते की मुनव्वर त्यांची लेक बघायला आला होता.

शनिवारी सायलीची सुट्टी होती. तिनं बीडच्या मोंढ्याजवळच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात चौकशी केली. दुकान मुनव्वरच्या मुलाचं, अल्ताफचं निघालं. म्हातारे आहेत, अल्ताफ म्हणाला, गुडघे गेलेत, कमी ऐकू येतं, पण डोकं अजून चारशे चाळीस व्होल्टचं आहे.

बबितानं वडिलांना स्कुटीवर मागं बसवलं. निघताना केसरबाईंनी मोसंबीची पिशवी दिली. "आपल्याकडं एक बाकी हाय," एवढंच म्हणाल्या. मुनव्वर तोंड फिरवेल का, ही एकच धास्ती आश्रुबांना रस्ताभर होती. लग्नातली चप्पल त्यांना पुन्हा पुन्हा आठवत होती. तेनं फिरवलं तर फिरवू दे, आपण त्याच लायकीचं वागलोय, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि तरीही पिशवी छातीशी घट्ट धरली.

सायली रजिस्टर कापडात गुंडाळून दुकानापाशी उभी होती. अल्ताफची बायको सुरैया सगळ्यांना मागच्या घरात घेऊन गेली. ओसरीवर उन्हात बाजेवर एक वाळकुडा म्हातारा पाय पसरून बसला होता. पुढ्यात तांब्याच्या तारेचा गुंता होता, आणि तो गुंता तो डोळे मिटून बोटांनीच सोडवत होता.

"अब्बा, पाहुणे आलेत," सुरैया मोठ्यानं म्हणाली.

मुनव्वरनं डोळे उघडले. बराच वेळ बघितलं. मग शांतपणे म्हणाला, "चप्पल सापडली का बे?"

आश्रुबांना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्हीपैकी कोणतं आधी आवरावं हे न कळून ते बाजेवर जाऊन बसले आणि त्यांनी मुनव्वरचा तारेनं काळा झालेला हात धरला. "सापडली," ते म्हणाले. "पायातच व्हती."

सुरैयानं त्याच्या कानात यंत्र बसवून दिलं. सायलीनं रजिस्टर उघडून पुढं ठेवलं. मुनव्वरनं पान बघितलं, फुलीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"त्या दिवशी एक दूधवाला आलता," तो सांगू लागला. "म्हणला, लाईन सोडा म्हणलेत. मी इचारलं, कोन म्हणलं? म्हणला, म्हाईत न्हाई, मला पारावर सांगितलं. असे तर रोज दहा यायचे. मी म्हणलं, आश्रुबाला आणा. मग पुढारी भगवानराव आलते, जीप घेऊन. उसाला पाणी चालू होतं तेंचं. म्हणले, सोडतो का बदली करू? मी म्हणलं, बदली करा, बदली झाल्यानं माणूस मरत न्हाई."

"त्यांनीच केली मग बदली," बबिता म्हणाली.

"केली तर. शब्दाचा पक्का माणूस." मुनव्वर हसला. "लिंबागणेशच्या देवळात दर्शनाची गर्दी होती, तिथले पुजारीबाबा मात्र काही बोलले न्हाईत. आरती समईवर केली. म्हणले, गणपतीला अंधारात बी दिसतं. चार वाजता माझी पाळी संपली. पुढच्या ऑपरेटरला म्हणलं, हँडलला हात लावू नको. अन् सायकल घेऊन निघालो लाईनखालून. वर बघत. एक-एक खांब."

"वर कावून?" आश्रुबांनी विचारलं.

मुनव्वरनं त्यांच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. "कावून म्हंजे? तू लटकलेला असला तर? सकाळी दहाला चढलेला माणूस, चार वाजेस्तोवर पत्ता न्हाई. अकरा किलोमीटर मान वर करून गेलो. दोनदा नालीत पडलो. दर खांबाला वाटायचं, पुढच्यावर दिसतो आता."

सायलीनं रजिस्टरावरचा हात काढून घेतला.

"लिंबागणेशला गेल्यावर कळलं की बायको अडली, तू बीडला गेला," मुनव्वर म्हणाला.

"मग तिथूनच लाईन सोडायला सांगायची की."

"लोक म्हणले तू गेला. लोक तर दिवसभर म्हणतच व्हते. मी बीडला आलो. माझ्या बापाच्या फळाच्या गाड्यावरून मोसंबी घेतली, रिकाम्या हातानं बाळंतिणीकडं कसं जावं? अन् तुला इचारलं. तू म्हणला, उतरलो. मग सोडली."

"अन् मला काहीच सांगितलं न्हाई? बदली झाली तवा बी न्हाई?"

मुनव्वरनं तारेचा गुंता उचलला, पुन्हा खाली ठेवला. "सांगितलं असतं तर तू साहेबाकडं पळत गेला असता, गुन्हा माझा म्हणून. घरात लेकरू पंधरा दिवसांचं. म्हणून गप बसलो. हे एक." तो थांबला. "अन् खरं सांगू का? राग बी आलता. लई आलता. साला, मी खांबं मोजत फिरलो अन् ह्यो पेढे वाटायला. रागातच गेलतो. मग राग उतरला, तर तोवर तू तोंड फिरवायलास. मग म्हणलं, जाऊ दे."

"माझं चुकलं," आश्रुबा म्हणाले. ते सरळ म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. "दोन बार चुकलं. एकदा खांबावरून उतरल्यावर अन् एकदा लग्नात."

"मोसंबी आणलीस का?"

"आणली."

"मग ठेव तिकडं अन् काम कर."

आश्रुबा बाजेवरून उठले. टोपी नीट केली. धोतराचा सोगा सारखा केला. सदतीस वर्षं ज्या पवित्र्यात ते सबस्टेशनच्या खिडकीपाशी उभे राहत, तसे उभे राहिले. "लाईन क्लिअर नंबर सत्तेचाळीस. लिंबागणेश फिडर."

मुनव्वर ताठ बसला. कानातलं यंत्र बोटानं दाबून धरलं. "माणूस?"

"खाली."

"साखळी?"

"काढली."

"हत्यार?"

"पिशवीत."

"परत?"

"परत."

मुनव्वरनं हात वर करून हँडल खाली ओढावं तसा हात ओढला. आत दुकानात नेमकी तेव्हाच अल्ताफनं दुरुस्त केलेली मोटर चालू केली आणि ती घुमायला लागली. सगळे हसले. सायलीनं पेन दिलं.

"आबा, त्या पुस्तिकेतल्या वाक्याचं काय करू?"

"खोडून टाक. लिही, एक बाकी व्हती. ऑपरेटर चांगला व्हता म्हणून कुणाचा जीव गेला न्हाई. मुनव्वरचं नाव पूर्ण लिही, शेखसकट."

आश्रुबांनी फुलीवर सही केली. शेपटी आता आखूड झाली होती. तारीख कोणती घालायची असा प्रश्न निघाला. सायली म्हणाली, जुनीच घाला, शोभून दिसेल. दोघं म्हातारे एकदम तिच्यावर ओरडले. ज्या दिवशी सही, त्या दिवशीची तारीख. मग आजची तारीख पडली, वेळ दुपारी बारा पाच. आश्रुबांनी रजिस्टर मिटायला घेतलं, तर मुनव्वरनं पानावर हात ठेवला.

"थांब. शेवटचा रकाना राहिला." त्यानं बोट टेकवलं. तिथं छापलेलं होतं, 'विलंबाचे कारण'. "मोकळा सोडला तर साहेब मेमो देतील. चाळीस वर्षं उशीर हाय, कारण लिहावं लागंल."

आश्रुबांनी पेन हातात धरून विचार केला. मान वर करून बबिताकडं बघितलं. ती ओसरीच्या पायरीवर बसून सुरैयाबरोबर मोसंबी सोलत होती, केसात अजून थोडं पीठ होतं. मग ते वाकले आणि सावकाश, एकेक अक्षर जपून, रकान्यात लिहिलं.

'मुलगी झाली.'

मुनव्वरनं ते वाचलं, खाली आपली सही केली, आणि रजिस्टर सायलीकडं दिलं.